शेतीची लाईट आली की चाळीस मीटर बंद: ११ केव्ही लाईनवरच्या खरखरीचा माग

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. रविवारी सकाळी दहाच्या सुमारास हौशी रेडिओचा सेट लावला, ७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यावर (लाटेच्या लांबीवरून यालाच चाळीस मीटर म्हणतात) गेलो आणि ओळखीच्या आवाजांऐवजी नुसती खरखर कानावर आली. आमच्याकडे त्या वेळी सेटवरच्या सिग्नल मीटरचा काटा एरवी एस-३ च्या आसपास डुलत असतो. त्या दिवशी तो एस-९ ला चिकटून बसला होता. मीटरवरची एक पायरी म्हणजे ६ डेसिबल. सहा पायऱ्या चढल्या म्हणजे ३६ डेसिबल, म्हणजेच खरखरीची ताकद जवळजवळ चार हजार पट. एवढ्या गदारोळात पाच-दहा वॅटवर बोलणारा माणूस कुठला ऐकू येणार?

आमचं गाव औसा तालुक्यात, तेरणेच्या खोऱ्यात. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो आणि हौशी रेडिओचा परवाना बाळगून आहे. घराच्या गच्चीवर बांबूला उलट्या व्हीसारखा बांधलेला चाळीस मीटर पट्ट्याचा डायपोल, म्हणजे तारेची अँटेना, खाली एक जुना सेट, एवढाच संसार. पण या रेडिओकडे मी करमणूक म्हणून बघत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी शाळकरी होतो. फोन बंद, रस्त्यांवर गर्दी, कोण जिवंत आणि कोण नाही याचा पत्ता नाही. अशात बाहेरून आलेल्या हौशी रेडिओचालकांनी सेट लावून निरोप पोचवले होते. तेव्हापासून माझं ठरलेलं आहे की आपल्या गावात एक तरी कान शाबूत असला पाहिजे. आता तोच कान बहिरा झाला होता.

सुरुवात स्वतःच्या घरापासून करायची असते आणि बरेच जण तिथेच घाई करतात. मी सेट १२ व्होल्टच्या बॅटरीवर घेतला आणि घराचा मेन पाडला. मेन पाडला तरी इन्व्हर्टर आपोआप चालू होतो आणि त्याच्यावरचे एलईडी दिवे, राउटर, चार्जर जिवंतच राहतात. म्हणून इन्व्हर्टरही बंद केला. घर पूर्ण अंधारात गेलं, पण काटा हलला नाही. खरखर बाहेरची होती.

बाहेर संशयितांची कमतरता नव्हती. शेजारच्या शिवारात दोन सौर पंप बसलेत, त्यांचे कंट्रोलर रेडिओला त्रास देतात हे मला ठाऊक होतं. पण त्यांचा आवाज पट्ट्यावर ठरावीक अंतराने उंचवटे करून बसतो. डायल फिरवली की उंचवटा येतो, जातो, पुन्हा येतो. ही खरखर मात्र ३.५ पासून १४ मेगाहर्ट्झच्या पुढेपर्यंत सपाट पसरलेली होती. शिवाय काही रात्री दहानंतरही ती होती आणि सौर पंप रात्री चालत नाहीत. दुसरा आवाज ‘टक्... टक्... टक्’ असा, सेकंदाला एक. तो रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनचा. कुंपणाच्या तारेला ओलं गवत टेकलं की ठिणगी उडते आणि ती रेडिओत येते. तोही बाजूला ठेवला.

उरलेल्या खरखरीत मात्र एक भरीव, एकसुरी गुणगुण होती, जणू भुंगा गुणगुणतोय आणि त्यात मोहरी तडतडतेय. ज्याने वीजवाहिनीचा आवाज एकदा ऐकलाय त्याला तो पुन्हा ओळखू येतो. गावात सगळ्यांनी बोट दाखवलं ते आमच्या घरामागच्या डीपीकडे, म्हणजे ट्रान्सफॉर्मरकडे. डीपी म्हटलं की लोकांना आवाज, ठिणगी, धूर हे सगळं आठवतं. मलाही पहिले दोन दिवस तेच वाटत होतं.

मामांनी वही वाचली

मी एक वही घातली. रोज पाच वेळा मीटरचा आकडा लिहायचा: पहाटे साडेपाच, सकाळी दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सात, रात्री साडेदहा. सोबत हवामान: ऊन, दव, वारा, पाऊस. सेटमधला नॉईज ब्लँकर प्रत्येक वेळी बंद ठेवायचा, कारण तो अशा ठिणग्यांचा आवाज दाबतो आणि मग आकडे खोटे पडतात.

पंधरा दिवसांत पानं भरली, पण मला त्यातून काही उमगत नव्हतं. शुक्रवार ते रविवार दिवसा खरखर, रात्री शांत. सोमवार ते गुरुवार दिवसा शांत, रात्री खरखर. एके संध्याकाळी मामा घरी आले. त्यांचं रान गावाच्या दक्षिणेला आहे, ऊस आणि हरभरा. चहा पिता पिता त्यांनी वही उघडली, चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, “आरं, ह्ये तर आमच्या मोटारीचं टाईमटेबल हाय की! कुणी दिलं तुला?”

आमच्याकडे शेतीच्या फीडरला (सबस्टेशनहून निघणाऱ्या वीजवाहिनीला) चक्राकार पद्धतीने आठ तास थ्री फेज मिळायची, आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री. त्या महिन्यात आमच्या बाजूला शुक्रवार ते रविवार दिवसपाळी होती आणि उरलेले दिवस रात्रपाळी. रात्रपाळीत थंडीत उठून, विंचू-सापाची भीती घेऊन पाणी द्यायला जाणाऱ्या माणसाला ते वेळापत्रक पाठ असणारच. मी वर्गात विजेचा धडा शिकवतो, आणि माझ्या वहीतली गोष्ट मामांनी एका नजरेत वाचली.

त्या एका वाक्याने अर्धं शिवार वगळलं गेलं. घरामागचा डीपी गावठाण फीडरवर आहे आणि तो चोवीस तास चालू असतो. खरखर शेतीच्या ११ केव्ही (अकरा हजार व्होल्टच्या) फीडरवर होती. मग मी मामांना फोनवर बसवून एक गोष्ट पडताळली. लाईट आली की मामा सांगायचे “आली”, आणि त्याच क्षणी काटा उडी घ्यायचा. मोटारी चालू व्हायच्या आधीच. म्हणजे दोष भाराशी बांधलेला नव्हता, दाबाशी (व्होल्टेजशी) होता. कुठेतरी धातूचे दोन तुकडे एकमेकांना धड टेकलेले नव्हते आणि धड सुटलेलेही नव्हते. लाईन चार्ज झाली की त्यांच्यामधल्या फटीत ठिणगी पडत होती.

हवामानाचा रकानाही तेच सांगत होता. दव पडलेल्या पहाटे आकडा एस-६ पर्यंत उतरायचा. मध्ये दोन दिवस अवकाळी पाऊस झाला तेव्हा लाईट असूनही खरखर साफ गेली होती, आणि ऊन पडल्यावर तिसऱ्या दिवशी दुपारी परत आली. फटीतली ठिणगी कोरड्या हवेत जोर धरते; ओल आली की पाणी त्या फटीला जोडून टाकतं आणि ठिणगी थांबते. तारेभोवती दमट हवेत होणारा कोरोना (तारेतून हवेत होणारी विजेची गळती) याच्या उलट वागतो, तो ओलाव्यात वाढतो. त्यामुळे कोरोना नाही, फट आहे, हे घरबसल्या कळलं.

ठसा

माझ्या मते या सगळ्या कामातली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे ठसा घेणं. सेट एएम मोडवर ठेवायचा, आवाजाची तार लॅपटॉपला जोडायची, मिनिटभर रेकॉर्ड करायचं आणि ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये ते उघडून इतकं मोठं करायचं की पडद्यावर सेकंदाचा पंचविसावा भाग दिसेल. एफएम मोड इथे कामाचा नाही. तो आवाजातले चढउतार कापून टाकतो आणि आपल्याला नेमके तेच हवे असतात.

आपली वीज ५० हर्ट्झची. दाब एका सेकंदात पन्नास वेळा वर आणि पन्नास वेळा खाली टोकाला जातो, आणि फट असेल तर त्या प्रत्येक टोकाशी ठिणग्या उडतात. म्हणून पडद्यावर दर ०.०१ सेकंदाला ठिणग्यांचा एक झुपका दिसतो. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये एका झुपक्यात पाच उभे दात, पुढच्यात तीन, परत पाच, परत तीन. दाब वर जाताना पाच वेळा फट फुटत होती, उलट जाताना तीन वेळा. पाच-तीन, पाच-तीन. प्रत्येक फटीची रुंदी, गंज, आकार वेगळा, त्यामुळे हा नमुनाही प्रत्येकीचा वेगळा. तो मी कागदावर काढून खिशात ठेवला.

बारकाईने पाहिलं तर त्या झुपक्यांच्या मधे, दातांच्या बुडाशी, आणखी काहीतरी खुरटं दिसत होतं. मी ते साधा गोंगाट समजून सोडून दिलं. तिथे मी चुकलो, ते पुढे येईलच.

चुकीचा खांब

शनिवार-रविवार दिवसपाळी असल्याने हिंडायला सोपं होतं. मी जुना ट्रान्झिस्टर घेतला, मीडियम वेव्हवर रिकामी जागा लावली आणि मोटारसायकलवरून लाईनच्या कडेने निघालो. ओढ्याजवळ जिथे लाईन रस्ता ओलांडून वळण घेते तिथल्या खांबाखाली ट्रान्झिस्टर अक्षरशः ओरडायला लागला. दोन रविवार मी त्याच खांबाभोवती काढले. अंधार पडल्यावर दुर्बीण लावून पाहिलं, एकही ठिणगी दिसली नाही, तरी माझी खात्री पक्की. तक्रार नोंदवली: “अमुक खांबामुळे रेडिओ खरखरतो.” ती तक्रार काही दिवसांत बंद झाल्याचा मेसेज आला. मी वायरमन दादांना गाठून विनंती केली. त्यांनी भलेपणाने शटडाऊन घेतला, वर चढले, प्रत्येक नट-बोल्ट आवळला. लाईट आली आणि काटा परत एस-९ वर.

चूक अशी झाली की मी जोराला भुललो. मीडियम वेव्ह आणि शॉर्ट वेव्हच्या खालच्या पट्ट्यांवर ही खरखर तारांवरून लांबवर वाहत जाते. जिथे लाईन वळते, संपते किंवा फाटा फुटतो तिथून ती परतते आणि जाणाऱ्या-येणाऱ्या लाटा मिळून ठिकठिकाणी उंच-सखल होते. ७ मेगाहर्ट्झची लाट सुमारे चाळीस मीटरची, म्हणून तारेखालून चालताना साधारण दर वीस मीटरला आवाज फुगतो आणि बसतो. सर्वांत मोठा आवाज जिथे, तिथेच उगम, असं समजणं म्हणजे कालव्याच्या शेवटच्या चारीत पाणी साचलेलं बघून धरण तिथंच आहे म्हणण्यासारखं. त्या दिवशी ठसा खिशात होता आणि मी तो ताडूनसुद्धा पाहिला नाही. पाहिला असता तरी उपयोग झाला नसता म्हणा, कारण वाहत आलेली खरखरही तोच ठसा घेऊन येते. उपयोग होतो तो वरच्या पट्ट्यावर गेल्यावर.

खालून वर

ठिणगीचा आवाज रेडिओच्या सगळ्या पट्ट्यांवर असतो, पण जसजशी फ्रिक्वेन्सी वाढते तसतसा तो जवळच विरतो. लांबून फक्त ३.५ आणि ७ मेगाहर्ट्झवर ऐकू येईल. जवळ गेलं की २८ वर. आणखी जवळ १४५ वर. आणि अगदी खांबाशेजारी ४३५ वर. माझ्या घरी ७ वर एस-९, २८ वर कसाबसा, आणि १४५ वर काहीच नाही. घरामागचा डीपी निर्दोष असल्याचा हा आणखी एक पुरावा. तो दोषी असता तर १४५ वर कान फाटले असते.

सोलापूरचे एक हॅम (हौशी रेडिओचालक) मित्र त्यांचा यासु एफटी-८१७ घेऊन आले. हा सेट खांद्याला अडकवता येतो, स्वतःच्या बॅटरीवर चालतो आणि ७ पासून ४३५ मेगाहर्ट्झपर्यंत आम्हाला लागणाऱ्या सगळ्या पट्ट्यांवर एएम ऐकतो. १४५ साठी आम्ही पीव्हीसी पाइपवर पोलादी मेजर टेपचे तुकडे लावून तीन दांड्यांची यागी (एकाच दिशेचं जास्त ऐकणारी अँटेना) बनवली. सर्वांत लांब दांडी मीटरभराहून थोडी मोठी. टेपच्या पट्ट्यांचा फायदा असा की उसाच्या फडातून जाताना त्या वाकतात आणि परत सरळ होतात.

या वेळी आम्ही लाईनखालून गेलोच नाही. लाईनपासून दूर, मोकळ्या रानात उभं राहायचं आणि यागी फिरवून दिशा घ्यायची. अँटेना एकदा आडवी, एकदा उभी धरायची, कारण ठिणगीचा आवाज कोणत्या पातळीत येईल ते सांगता येत नाही. मोबाईलवर होकायंत्र बघायचं, उपग्रह नकाशावर रेघ मारायची. हरभऱ्याच्या रानातून एक रेघ, मारुतीच्या पाराजवळून दुसरी, पाझर तलावाच्या भिंतीवरून तिसरी. तिन्ही रेघा गावापासून सुमारे दीड किलोमीटरवर, उसाच्या एका फडाच्या बांधावर जवळजवळ एका ठिकाणी आल्या. ओढ्याजवळचा खांब तिथून सात खांब अलीकडे होता.

फडापाशी पोचलो तेव्हा १४५ वर काटा टोकाला टेकला. टोकाला टेकलेला काटा काही सांगत नाही, म्हणून ४३५ वर गेलो. तिथे पाच खांबांपैकी दोघांवर आवाज आला, आणि त्यातल्या एकावर ठळक. तिथलं रेकॉर्डिंग लॅपटॉपवर उघडलं. पाच-तीन, पाच-तीन. खिशातला कागद काढून शेजारी धरला. तोच ठसा!

तेवढ्यात फडाच्या मालकाचा मुलगा आला. “काय बघायलाव सर वर?” म्हणाला आणि मदत म्हणून ताणाची तार धरून हलवायला निघाला. मी ओरडूनच थांबवलं. ताणाला किंवा खांबाला हात लावायचा नाही, हातोडा मारायचा नाही. वरची तार सैल असेल तर ती खाली येऊ शकते. आणि जीव वाचला तरी हादऱ्याने ती फट दोन दिवस बुजते, आवाज थांबतो, आणि माणूस समजतो की काम झालं.

एका खांबावर तीन फेज, तीन इन्सुलेटर, क्रॉस आर्म, टॉप फिटिंग, क्लॅम्प, बोल्ट. यातलं नेमकं कुठलं? रेडिओ याहून बारीक सांगत नाही. तिथे कान लागतो, फक्त माणसाचा नव्हे. उघड्या हवेतली ठिणगी ४० किलोहर्ट्झच्या आसपासचा, आपल्याला न ऐकू येणारा आवाजही करते. मित्रांनी त्या आवाजाचं ऐकू येणाऱ्या आवाजात रूपांतर करणारं एक छोटं सर्किट केलं होतं आणि त्याचा सेन्सर टीव्हीच्या जुन्या साठ सेंटिमीटरच्या तबकडीच्या मुखाशी बसवला होता. त्या तबकडीचं तोंड जिकडे असतं तिकडचं ती ऐकत नाही, जरा वरचं ऐकते; टीव्हीसाठी लावलेली तबकडीही म्हणूनच क्षितिजाकडे बघत असल्यासारखी दिसते आणि आभाळातलं घेते. आधी आम्ही तीस पावलांवर ठेवलेल्या किल्ल्यांच्या जुडग्यावर सराव केला. मग खांबापासून दहा-बारा मीटर लांब उभं राहून तबकडी हळूहळू वर नेली. डावा इन्सुलेटर, गप्प. उजवा, गप्प. वरच्या टोकाच्या पिन इन्सुलेटरवर आली आणि हेडफोनमध्ये घरचीच गुणगुण उमटली.

कागद

या वेळी अर्ज वेगळ्या भाषेत लिहिला. रेडिओ हा शब्द शेवटच्या ओळीत. आधी फीडरचं नाव, खांबाचा क्रमांक, नकाशावरचं ठिकाण, खांबाचा फोटो आणि त्यावर लाल बाण. मजकूर असा: “वरच्या फेजच्या पिन इन्सुलेटरपाशी बाइंडिंग सैल असल्याची शंका, सतत स्पार्किंग. खाली तोडणीला आलेला ऊस, पाचट वाळलेलं.” (बाइंडिंग म्हणजे लाईनची मुख्य तार, कंडक्टर, इन्सुलेटरला बांधणारी तार.) उपविभागाच्या कार्यालयात प्रत्यक्ष नेऊन दिला आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतला. कनिष्ठ अभियंत्यांनी वाचला, फोटो मोठा करून पाहिला आणि वायरमन दादांना तिथूनच फोन लावला. आपण “खरखर” म्हणतो तेव्हा समोरच्याला आपला छंद दिसतो. “सैल बाइंडिंग” म्हटलं की त्याला स्वतःचं काम दिसतं. त्यात त्यांचा दोष मला वाटत नाही. एका माणसाकडे एवढी गावं, एवढे खांब, वर रोजच्या फ्यूजच्या तक्रारी. त्याला नेमकी जागा दाखवणं हे शोधणाऱ्याचं काम आहे.

वायरमन दादा फडावर आले तेव्हा जरा साशंक होते. “सर, मागं तुम्ही सांगितलाव त्या खांबावर म्या अर्धा दिवस घातला.” मी माफी मागितली आणि हेडफोन त्यांच्या कानाला लावला. तबकडी डावीकडे, उजवीकडे, मग वर. वर गेल्यावर ते एकदम हसले. “ह्ये तर बोलायलंय की!”

सबस्टेशनहून परमिट घेतलं, लाईन बंद झाली, दोन्ही बाजूंनी डिस्चार्ज रॉड लावून अर्थ केली, मग ते चढले. दहा मिनिटांनी वरून हाक आली आणि दोरीला बांधून एक तुकडा खाली आला. ॲल्युमिनियमची बाइंडिंग तार, वीतभर. दोन्ही टोकं अजून चकचकीत, मधला बोटभर भाग काळा आणि खडबडीत, जणू उंदराने कुरतडलेला. अंगठा फिरवला तर राखी पांढरी भुकटी लागली: ठिणगीने जळून जळून झालेला ऑक्साईड. वाऱ्याने कंडक्टर इन्सुलेटरच्या खाचेत वर्षानुवर्षे घासत राहिला, वेढे सैल झाले, मधे ऑक्साईडचा थर बसला. आणि मग एकमेकांना बांधलेल्या त्या दोन तारा विजेच्या लेखी वेगळ्या झाल्या होत्या.

याहून वाईट गोष्ट वर होती. कंडक्टरमध्ये मधे एक पोलादी आणि भोवती सहा ॲल्युमिनियमच्या तारा असतात. त्या सहांतल्या दोन ठिणगीच्या जागी निम्म्याहून जास्त खाल्लेल्या होत्या. उरलेल्या चार आणि पोलादी तार किती दिवस ओढ सोसणार होत्या, सांगता येत नाही. आणि खाली वाळलेल्या पाचटाचा फड. वायरमन दादांनी तिथे दुरुस्तीचे वेढे चढवले, नवीन बाइंडिंग घट्ट बांधलं, इन्सुलेटरही बदलला. फडाचा मालक खाली उभा राहून सगळं बघत होता. तो काही बोलला नाही, पण आम्हा सगळ्यांना रस काढून आणून दिला.

दुसरा ठसा

दुपारी तीनला लाईट परत आली. मी गच्चीवर धावलो. काटा एस-९ वरून उतरला, पण थांबला एस-५ वर.

क्षणभर मन खट्टू झालं. मग रेकॉर्डिंग केलं आणि पडद्यावर आधी ज्याला गोंगाट म्हणून सोडून दिलं होतं ते आता एकटं, स्वच्छ दिसलं: झुपक्यात दोनच दात, दोन्ही बाजूंना सारखे, आणि जुन्या झुपक्यांच्या जागेपासून साधारण एक तृतीयांश फेरी सरकलेले. म्हणजे दुसऱ्या फेजवरची दुसरी फट. मोठ्या आवाजाखाली लहान आवाज लपून बसला होता. पहिल्याच ठशात तो होता; मी त्याचंही चित्र काढून ठेवायला हवं होतं.

हे मात्र एका दिवसात संपलं. रीत हाताशी होती. पुढच्या शनिवारी तीन रेघा, १४५, मग ४३५, आणि आम्ही पोचलो एका मोडक्या डीपीपाशी. तिथले बोअर दोन उन्हाळ्यांपूर्वी आटले, ट्रान्सफॉर्मर जळाला तो काढून नेला आणि परत बसवायची कुणाला गरज वाटली नाही. दोन खांब, रिकामा चौथरा, बाभळीची झुडपं. पण लाईनवरून आलेले जंपर (जोडतारा) अजून खांबावरच्या डीओ फ्यूजपर्यंत लोंबत होते. त्यातला एक पीजी क्लॅम्पने (दोन तारा घट्ट आवळून धरणाऱ्या पकडीने) न बांधता हाताने पिळून जोडलेला. पुढे काहीच जोडलेलं नाही, वीज वापरली जात नाही, तरी लाईनच्या दाबाने तो तुकडा फटीपलीकडून भारित होत राहतो, दाब पुरेसा झाला की ठिणगी पडते, आणि पुन्हा पहिल्यापासून. वापरात नसलेला डीपी म्हणून मी तो नकाशावर मोजलाही नव्हता. वायरमन दादांनी तिन्ही जंपर लाईनपासूनच कापून काढले.

त्या दिवशी दुपारच्या वहीत नोंद आहे: शनिवार, दोन वाजता, ऊन, कोरडा वारा, शेतीची लाईट चालू, एस-३. दुसऱ्या दिवशी सकाळी ७ मेगाहर्ट्झवर कोकणातून एक आजोबा बोलत होते, पाच वॅटवर आणि खिडकीबाहेर टाकलेल्या तारेवर. त्यांचा शब्द न शब्द घेतला. त्यांनी विचारलं, इतके दिवस कुठे होतात. सांगायला बराच वेळ लागला.

झटका मशीनची टकटक अजून होती. मामा आणि मी विळा घेऊन गेलो, कुंपणाच्या खालच्या तारेला टेकलेलं गवत बांधभर कापलं, आणि तीही थांबली.

वही चालूच आहे. यंदा दसऱ्यानंतर पाऊस उघडला तसा मी सेट खांद्याला लावून पूर्ण लाईन चालून आलो. पाझर तलावाच्या पलीकडच्या एका खांबावर ४३५ वर बारीक चरचर येते, एका झुपक्यात चार दात. घरी अजून ऐकू येत नाही. ठसा काढून ठेवलाय, खांबाचा क्रमांक वायरमन दादांना दिलाय. पुढच्या शटडाऊनला बघू म्हणालेत.